आधी डोंगर की आधी सेवा? किलिमांजारोला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

टांझानियातल्या मोशी शहराच्या आसपास मंडळीच्या (चर्चच्या) कामात काही दिवस हातभार लावायचा आणि त्याच फेरीत किलिमांजारो चढायचा, असा बेत आखणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) आम्ही चौघे जण जाणार आहोत. आधी दोन आठवडे सेवा आणि मग सात दिवसांची चढाई असे ठरवले आहे. डोंगराच्या पायथ्याशी राहून उंचीची सवयही होईल. हे बरोबर आहे ना? (वसई)

उत्तर : बेत उलटा करा. आधी चढाई, मग दोन दिवस विश्रांती, मग सेवा.

पहिले कारण मलेरिया. मोशी समुद्रसपाटीपासून जेमतेम ९०० मीटरवर आहे. तिथे आणि खालच्या सपाटीवर मलेरिया आहे. डास चावल्यापासून ताप यायला निदान सात दिवस, बरेचदा दहा ते पंधरा दिवस लागतात. म्हणजे सेवेच्या पहिल्या आठवड्यात चावलेल्या डासाचा ताप तुम्हाला गाठणार तो नेमका चढाईत. साडेचार हजार मीटरच्या वर डोके दुखते आहे, मळमळते आहे, अंगात त्राण नाही, ही लक्षणे उंचीच्या आजाराचीही आहेत आणि मलेरियाचीही. तंबूत रक्त तपासायची सोय नसते. वाटाड्या उंचीचाच आजार धरून चालणार आणि उपचाराचे मोलाचे तास हातचे जाणार. आधी चढाई केली तर ताप आलाच तर तो मोशीत येईल, जिथे तपासणी आणि औषध अर्ध्या तासावर आहे.

दुसरे कारण सर्दी-खोकला. शाळेत, बालवाडीत, दवाखान्यात दोन आठवडे काढले की घसा धरतोच. खाली क्षुल्लक वाटणारा खोकला वरच्या कोरड्या, थंड हवेत झोप उडवतो. पोट बिघडण्याचेही तेच.

पायथ्याशी राहून उंचीची सवय होते हा समज सोडून द्या. मचामे, मरांगू ही गावे अठराशे मीटरच्या खालीच आहेत. शरीरात खरा बदल सुरू होतो तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर. गावातल्या दोन आठवड्यांनी मन रमेल, फुप्फुसांना काही शिकायला मिळणार नाही.

आधी चढाई, मग सेवा या क्रमात एक धोका आहे आणि तो गंभीरपणे घ्या. शिखर झाले की माणूस सैलावतो. ‘आता दोन दिवस सफारी करू, मग जाऊ’ असे होते आणि ज्या शाळेने तुमच्यासाठी वेळापत्रक बदलले ती वाट बघत बसते. म्हणून सेवेच्या तारखा यजमान मंडळीला पत्राने कळवा आणि परतीचे तिकीट त्यानुसारच काढा. चढाईचे दिवस वाढले तर ते सफारीतून कापा, सेवेतून नको.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या दोन्ही टप्प्यांत चालू ठेवाव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन घेणार असाल तर घरी परतल्यावर चार आठवडे आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेणार असाल तर सात दिवस पुढे घ्यायची. डॉक्सिसायक्लिनने कातडी उन्हाला हळवी होते आणि वरचे ऊन भाजून काढते, तेव्हा ओठ आणि नाक सांभाळा. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. मेफ्लोक्विनने काहींना चक्कर येते, ती उंचीच्या आजाराशी गल्लत करते, म्हणून चढाईला ती नको.

बेत उलटा करणे शक्यच नसेल तर एक नियम पाळा : ताप ३८.५ सेल्सियसच्या वर गेला तर तो निव्वळ उंचीमुळे आलेला नाही असे धरा, त्याच दिवशी खाली उतरा आणि रक्त तपासा.

प्रश्न : मरांगू मार्गाने पाच दिवसांत शिखर होते आणि खर्चही कमी येतो असे कळले. वाचलेले दोन दिवस सेवेला देता येतील. आम्ही नियमित सह्याद्रीत फिरणारे आहोत. (पुणे)

उत्तर : सेवेला दिवस द्यायचे आहेत ही भावना चांगली आहे, पण ते चढाईतून काढू नका. आकडेच पाहा. मरांगूचे प्रवेशद्वार सुमारे १,८६० मीटरवर. पहिली रात्र मंडारा, २,७२०. दुसरी होरोंबो, ३,७२०. तिसरी किबो, सुमारे ४,७२०. त्याच मध्यरात्री शिखराकडे, ५,८९५. तीन हजारांच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये असा सर्वमान्य संकेत आहे. इथे तो रोज दुपटीने मोडला जातो. सह्याद्रीत कमावलेला दमसास इथे कामाला येतो, पण उंचीचा आजार तब्येत बघून येत नाही. उलट ताकदीचा माणूस भरभर चालतो आणि आधी आडवा होतो. तिथले वाटाडे दिवसभर ‘पोले पोले’ म्हणत राहतात, म्हणजे सावकाश. ते ऐका.

मरांगूनेच जायचे असेल तर होरोंबोला एक जादा रात्र काढून सहा दिवस करा. पण आमची पसंती मचामे मार्गाला, सात दिवसांच्या. पहिली रात्र सुमारे ३,००० वर, दुसरी शिरा तळावर ३,८४० च्या आसपास. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला, सुमारे ४,६०० वर, जेवून पुन्हा ३,९५० च्या बारांकोला उतरून झोपायचे. चौथी रात्र करांगा, ४,००० च्या जवळपास, आणि मग बराफू, शिखराआधीचा शेवटचा तळ. शिरापर्यंतची उडी मोठी आहे, पण त्यानंतर दोन रात्री जवळजवळ त्याच उंचीवर मिळतात आणि शरीर सावरते. हाच मार्ग सहा दिवसांत विकतात तेव्हा करांगाची रात्र गाळतात. तसे घेऊ नका. आठ दिवस असतील तर लेमोशो मार्ग आणखी चांगला.

उंचीचा आजार टाळण्यासाठी घ्यायच्या अ‍ॅसिटाझोलामाइड या गोळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारले आहे. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे २५० ची गोळी मिळते, ती अर्धी करायची. डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून. घरी दोन दिवस घेऊन बघा : बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, सोडा बेचव लागतो. हे घाबरण्यासारखे नाही.

एक चाचणी सगळ्यांनी पाठ करा. डोके दुखत असलेल्या सोबत्याला सपाट जागी टाचेला पाऊल लावून दहा पावले सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल, पाय बाजूला टेकावा लागत असेल, तर मेंदूला सूज येऊ लागली आहे असे समजा. सकाळची वाट पाहू नका, अंधारातच खाली न्या. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्याबरोबर फेस येत असेल तर फुप्फुसांत पाणी भरते आहे. तिथेही पहिला उपचार उतरणे हाच.

सराव चढाईपेक्षा उतरणीचा करा. शिखराच्या दिवशी ५,८९५ वरून म्वेका तळापर्यंत, सुमारे ३,१०० पर्यंत, म्हणजे पावणेतीन हजार मीटर उतरायचे असते, तेही रात्रभर चालून झाल्यावर. पाठीवर आठ किलो घेऊन कळसूबाई एका दिवसात दोनदा करा. गुडघे आणि पायाच्या अंगठ्यांची नखे काय म्हणतात ते तिथेच कळेल. नखे आखूड कापा आणि उतरताना बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा.

प्रश्न : मी परिचारिका आहे. पगार घेणार नाही, फक्त सेवा. मग पर्यटक व्हिसा पुरेल ना? (अहिल्यानगर)

उत्तर : नाही. काम विनामोबदला असले तरी ते कामच धरले जाते. साधा पर्यटक व्हिसा ५० डॉलरचा असतो आणि ऑनलाइन मिळतो, त्यावर डोंगर चढता येतो. सेवेसाठी वेगळी परवानगी लागते. स्वयंसेवक आणि मिशनरी यांचा निवास परवाना ‘सी’ वर्गात मोडतो. थोड्या दिवसांसाठी कोणता परवाना चालेल हे यजमान संस्थेने स्थानिक इमिग्रेशन कार्यालयातून लेखी घ्यावे. अर्ज संस्थेमार्फत होतो, म्हणून तीन-चार महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा. विमानतळावर ‘फिरायला आले’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभे राहायचे, हे करू नका. दंड तुम्हाला होतोच, शिवाय ज्या मंडळीने बोलावले तिच्यावर बालंट येते.

तुमच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. रुग्णाला हात लावायचा तर टांझानियाच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हवी. डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल ऑफ टांगानिकाची. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे नोंदणीपत्र, पदवी आणि कामाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती लागतील. मोशीतले किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर १९७१ पासून चालू असलेले मोठे संदर्भ रुग्णालय आहे. मचामे आणि मरांगूला लूथरन मंडळीची, किलेमा आणि किबोशोला कॅथलिक रुग्णालये आहेत. कामाच्या नोंदी इंग्रजीत होतात, रुग्ण मात्र किस्वाहिली बोलतो. दुखते कुठे, किती दिवस, औषध घेतले का, एवढी वाक्ये घरूनच शिकून जा.

मुलांमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांनी पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस दाखला घ्यावा. मागितला नाही तरी द्यावा. आणि आठवड्या-पंधरवड्यासाठी अनाथाश्रमात जाऊ नये. लळा लावून निघून जाणारी माणसे त्या मुलांनी पुरेशी पाहिली आहेत.

प्रश्न : मी वायरमन, आयटीआय झालेला. इंग्रजी मोडकेतोडके. मंडळीत कधी प्रवचन केले नाही. माझा काय उपयोग? (जालना)

उत्तर : फार मोठा. गटाने जाऊन शाळेची भिंत रंगवणाऱ्यांपेक्षा तुमची गरज जास्त आहे. रंगारी तिथेही आहेत आणि त्यांना तो रोजगार हवा आहे.

मिशन रुग्णालयात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हमखास सापडतील, त्यातले काही बंद पडलेले. पुष्कळदा दोष साधा असतो. मागच्या बाजूचा स्पंजाचा फिल्टर लाल धुळीने बुजलेला असतो, हवा ओढली जात नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि यंत्र बंद पडते. फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. ओला बसवला तर दमट हवा आत जाते आणि नायट्रोजन शोषणारे झिओलाइटचे खडे निकामी होतात. तो भाग महाग असतो. फिल्टर वाळेपर्यंत यंत्र तसेच चालवायचे नाही, म्हणून प्रत्येक यंत्राला दोन फिल्टर ठेवायला सांगा. मग विश्लेषकाने ऑक्सिजन मोजा. ८२ टक्क्यांच्या खाली असेल तर यंत्र रुग्णाला लावू नये. व्होल्टेज आपल्यासारखेच, २३० आणि ५० हर्ट्झ, पण चढउतार असतात. स्टॅबिलायझर आणि अर्थिंग तपासणे हेच अर्धे काम. सॉकेट बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असतात. मल्टिमीटर, अर्थ टेस्टर आणि दोन-तीन अ‍ॅडाप्टर बरोबर न्या.

एकट्याने दुरुस्ती करू नका. तिथल्या तंत्रज्ञाला शेजारी बसवून त्याच्या हातून करवून घ्या आणि फिल्टर धुण्याची आठवड्याची तारीख यंत्रावरच चिकटवा.

प्रश्न : मंडळीत अर्पण गोळा करून प्रवास आणि सेवेचा खर्च भागवावा असे पाळकसाहेबांचे म्हणणे आहे. चालेल का? (सोलापूर)

उत्तर : सेवेसाठी जरूर, चढाईसाठी नको. दोन हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. चढाई हा तुमचा आनंद आहे, तो स्वतःच्या खिशातून. विधवेच्या दहा रुपयांतून उद्यानाचे शुल्क भरले जाऊ नये. ते शुल्कच किती जाते बघा : परदेशी प्रौढाला दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या प्रत्येक रात्रीचे ५०, बचावाचे २०, आणि वर १८ टक्के कर. सात दिवसांचे हे जवळपास ९५५ डॉलर होतात. यात हमाल, वाटाडे, जेवण काही नाही. म्हणून कोणी हजार-बाराशे डॉलरमध्ये सगळी चढाई देऊ केली तर ती माणसांच्या मजुरीतून कापलेली आहे हे ओळखा.

आणि ही माणसे कोण? मचामे, मरांगू, किबोशो या गावांतलीच. रविवारी ज्या बाकावर तुम्ही बसणार त्याच बाकावर बसणारी. त्यांना नागवून शिखर गाठायचे आणि मग त्यांच्याच मंडळीत सेवा करायची, हे आम्हाला मान्य नाही. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था हमालांची मजुरी, जेवण आणि तंबू यांवर लक्ष ठेवते आणि निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी देते. त्या यादीतली कंपनी निवडा. हमालाचे ओझे २० किलोपर्यंतच असावे असा नियम आहे आणि प्रवेशद्वारावर वजन होते. तुमची पिशवी १५ किलोच्या आत ठेवा. बक्षिशी शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर, प्रत्येकाची रक्कम मोठ्याने वाचून द्या. साधारण अंदाज असा : पूर्ण गटाकडून दिवसाला मुख्य वाटाड्याला २० ते २५ डॉलर, आचाऱ्याला १२ ते १५, प्रत्येक हमालाला ८ ते १०. हे पैसे शिलिंगमध्ये द्या, २०२५ पासून देशांतर्गत व्यवहार शिलिंगमध्येच करायचे आहेत.

ट्रस्टच्या खात्यातून परदेशात खर्च करण्याआधी सनदी लेखापालाला विचारा. धर्मादाय ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला तर पूर्वपरवानगीशिवाय त्यावर आयकराची सवलत मिळत नाही.

प्रश्न : शिखरावर प्रभुभोजनाचा विधी करावा आणि एक लहान क्रूस ठेवून यावा अशी इच्छा आहे. (कोल्हापूर)

उत्तर : क्रूस ठेवू नका. उद्यानात काहीही मागे ठेवायचे नाही. विधीही वर नको. उहुरू शिखरावर पहाटे उणे १५ पर्यंत तापमान असते, त्यात वारा. हातमोजा काढला की काही मिनिटांत बोटे बधिर होतात, द्राक्षारस गोठू लागतो आणि मागे रांग लागलेली असते. एक वचन, एक प्रार्थना, दहा मिनिटांत परत फिरा. प्रभुभोजन बारांकोला संध्याकाळी करा, तिथे सगळे शांतपणे बसू शकतात. चमूतल्या ख्रिस्ती बांधवांना बोलवा, पण आग्रह करू नका. चमूत मुसलमान सोबतीही असतात.

डोंगर आणि धर्मसेवा एकत्र आणणारे तुम्ही पहिले नाही. लूथरन मिशनरी रिचर्ड रॉइश हा डोंगर अनेकदा चढले. शिखरालगतच्या रॉइश क्रेटरला त्यांचेच नाव आहे.

प्रश्न : शिक्षिका असल्याने मे महिन्याची किंवा नाताळची सुट्टीच जमते. (लातूर)

उत्तर : मे नको. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिथला मोठा पाऊस असतो, खाली चिखल आणि वर बर्फ. नाताळात डोंगर चढता येतो, पण सेवा होणार नाही. शाळा बंद असतात आणि देशभर विखुरलेले चग्गा, म्हणजे किलिमांजारोच्या उतारांवरचे मूळ लोक, नाताळाला डोंगरावरच्या आपापल्या घरी परततात. बस भरून वाहतात, मंडळ्या सणात गुंतलेल्या असतात. पाहुणी म्हणून जायला तो सुंदर काळ आहे, मदतनीस म्हणून नव्हे. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते सप्टेंबर हे महिने दोन्हींना चांगले, तेव्हा शाळाही भरलेल्या असतात. बिनपगारी रजा घेता आली तर घ्याच.

प्रश्न : रविवारच्या उपासनेत पाहुण्यांना बोलायला लावतात म्हणे. काय बोलावे? (नाशिक)

उत्तर : लावतात. आपल्या मंडळीचा सलाम सांगायचा, तीन मिनिटांत. सुरुवात ‘ब्वाना येसू असिफिवे’ (प्रभू येशूची स्तुती असो) अशी करा, समोरून ‘आमेन’ येईल. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणावे. उपासना दोन-तीन तास चालते. त्यानंतर अर्पणात आलेली केळी, अंडी, कोंबड्या यांचा बाहेर लिलाव होतो. शिलिंग जवळ ठेवा आणि बोली लावा. घेतलेला घड तिथेच एखाद्या आजीला दिलात तरी चालतो. बायकांनी गुडघ्याखाली येणारा पोशाख घालावा, पुरुषांनी अर्धी चड्डी घालून जाऊ नये.

नाशिककरांकडे तर सांगण्यासारखे खास आहे. ११ मे १८४८ रोजी योहानेस रेबमन या मिशनऱ्याने किलिमांजारोचा बर्फ पाहिला आणि युरोपातल्या पंडितांनी विषुववृत्तावर बर्फ असेल यावर विश्वास ठेवला नाही. हे रेबमन मोंबासाजवळच्या रबाईला राहत. १८६४ मध्ये त्यांच्या मदतीला गेलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे गुलामीतून सोडवलेले आफ्रिकी तरुण नाशिकच्या शरणपूरमध्ये शिकलेले होते. जोन्स पुढे दीक्षित पाळक झाले. हे तिथे सांगा.

प्रश्न : सामान, लस आणि विम्याबद्दल थोडक्यात सांगा. (अनेक वाचक)

उत्तर : विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराची लस घ्याच. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि भारतात परतताना नसेल तर अलगीकरणात ठेवू शकतात. लस केंद्र सरकारच्या मान्य केंद्रावरच घ्या.

विम्यात दोन ओळी शोधा. ६,००० मीटरपर्यंतची पदभ्रमंती समाविष्ट आहे असे लिहिलेले हवे आणि अंगमेहनतीचे काम वगळलेले नसावे. दुसरी ओळ कोणी बघत नाही आणि सेवेत शिडीवरून पडल्यावर दावा नाकारला जातो.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर जून २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्या उद्यानात चालत नाहीत. एक-एक लिटरच्या तीन घट्ट झाकणाच्या बाटल्या घ्या. शिखराच्या रात्री त्या उलट्या ठेवा, बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. पाठीवरची पाण्याची नळीवाली पिशवी त्या रात्री निरुपयोगी, नळी गोठते. विजेरीचे सेल आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. जाड जाकीट आणि झोपायची पिशवी मोशीत भाड्याने मिळते, बूट मात्र स्वतःचे आणि निदान दोन महिने वापरलेले हवेत.

दान म्हणून औषधे नेऊ नका. आयातीला तिथल्या औषध प्राधिकरणाची परवानगी लागते आणि सहा महिन्यांत मुदत संपणाऱ्या गोळ्या तिथल्या फार्मसीवर ओझे होतात. काय हवे आहे हे आधी रुग्णालयाला विचारा आणि मोशीत मिळत असेल तर तिथेच विकत घ्या.